सुटकेनंतरचे चौदा दिवस : निधी कशासाठी, कुठून

गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, सवय असलेला माणूस कारागृहात गेला की पहिले काही दिवस टर्की काढतो. अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. आठवड्या-दीड आठवड्यात त्रास ओसरतो आणि घरच्यांना वाटते, चला, आत गेल्यामुळे का होईना, सुटला एकदाचा. शरीरात या काळात वेगळेच काही घडत असते. रोजच्या सेवनामुळे अंगी आलेली सहनशक्ती काही आठवड्यांत उतरते, तलफ मात्र तशीच राहते. बाहेर आल्यावर हा माणूस जुन्या अड्ड्यावर जातो, जुन्या हिशेबानेच पुडी घेतो, आणि पूर्वी सहज पचणारी मात्रा आता त्याचा श्वास थांबवू शकते. सोबत दारू किंवा ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 या काळात सुटलेल्या 30,237 कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या 12.7 पट होता. नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका होता 129 पट. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील 2018 च्या अभ्यासातही पहिल्या दोन आठवड्यांत अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या 40 पट आढळला. शिक्षा किंवा कोठडी संपल्यावरचे हे चौदा दिवस असे जीवघेणे असतात. व्यसन, आरोग्य किंवा कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थांनी आणि त्यांना पैसा देणाऱ्या विश्वस्तांनी, कंपन्यांनी आपल्या अंदाजपत्रकात या दिवसांसाठी वेगळी जागा ठेवावी, हे मला सांगायचे आहे.

अशी जागा आज बहुतेक ठिकाणी नसते, आणि याला कोणाची निर्दयता कारण नाही. कारण हिशेबाच्या रचनेत आहे. माणूस आत असतो तोवर त्याच्या उपचाराची जबाबदारी कारागृहाची, म्हणजे गृह विभागाची. बाहेर आल्यावर औषधोपचार आरोग्य विभागाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे, मुक्त बंद्यांची मदत महिला व बाल विकास विभागाकडे. प्रत्येकाची रेघ कारागृहाच्या भिंतीपाशी थांबते किंवा तिथून सुरू होते, आणि दार कोणाच्याच लेखाशीर्षात येत नाही. अमेरिकेतही असेच घडले. तिथली मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना 1965 मध्ये सुरू झाली तेव्हापासून कारागृहातील माणसाच्या नेहमीच्या उपचाराला तिचा पैसा वापरता येत नव्हता. सुटकेच्या आधीच्या 90 दिवसांत काही सेवांसाठी तो वापरण्याची परवानगी सर्वप्रथम कॅलिफोर्नियाला मिळाली ती जानेवारी 2023 मध्ये. म्हणजे श्रीमंत देशालाही दारावरची ही दरी ओळखायला सत्तावन्न वर्षे लागली. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे या दरीच्या दोन्ही काठांवर पैसा आहे. मधला साकव तेवढा बांधायचा आहे.

साकव म्हणजे नेमके काय, हे निधी मागण्याआधी संस्थेने स्वतःशी स्पष्ट करावे. हार्म रिडक्शन, म्हणजे हानी कमी करणे, या कामाचे गृहीतक साधे आहे: माणसाने नशा आजच सोडली नाही तरी तो आज मरू नये, त्याला एचआयव्ही किंवा कावीळ होऊ नये, आणि उपचाराचा रस्ता त्याच्यासाठी उघडा राहावा. सुटलेल्या माणसासाठी याचे दोन मुख्य आधार आहेत. पहिला ओएसटी, म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणारा उपचार. इंग्लंडमधील 39 कारागृहांतून सुटलेल्या 15 हजारांहून अधिक लोकांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटताना हा उपचार चालू असलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले एकूण मृत्यू 75 टक्क्यांनी कमी दिसले. नशेच्या विषबाधेचे मृत्यू 85 टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने 2016 मध्ये कारागृहात अशी औषधे सर्रास द्यायला सुरुवात केली. वर्षभरात, नुकतेच सुटलेल्यांचे अतिमात्रेचे मृत्यू 61 टक्क्यांनी घटले. दुसरा आधार नॅलोक्सोन. अतिमात्रेने बंद पडत चाललेला श्वास परत आणणारे हे औषध आहे. स्कॉटलंडने 2011 मध्ये राष्ट्रीय नॅलोक्सोन कार्यक्रम सुरू करून सुटणाऱ्या कैद्यांच्या हातात ते द्यायला सुरुवात केली. देशातील अफूजन्य पदार्थांच्या मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्याआधीच्या पाच वर्षांत 9.8 टक्के होते, पुढच्या तीन वर्षांत ते 6.3 टक्क्यांवर आले. यातले काही आपल्याला परके नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये ओएसटी 2008 मध्ये सुरू झाली. पंजाबने 2017 पासून उघडलेल्या बाह्यरुग्ण उपचार केंद्रांची सोय पुढे कारागृहांतही नेली.

आता आपल्या परिस्थितीतली सर्वांत मोठी अडचण. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302, म्हणजे शेकडा 76 च्या आसपास, कच्चे कैदी होते. शिक्षा भोगणाऱ्या पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक असते. कच्च्या कैद्याची नसते. जामिनाचा आदेश निघाला, कारागृहाच्या जामीन पेटीत पडला, कागद तपासले गेले की माणूस त्याच संध्याकाळी हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभा असतो, आणि ओएसटी केंद्र तोवर बंद झालेले असते. त्यामुळे ‘सुटकेआधी महिनाभर समुपदेशन’ असे परदेशी अहवालांतून उचललेले वाक्य आपल्या प्रस्तावात लिहू नये. तसे आपल्याकडे घडत नाही, आणि घडणार नसलेल्या गोष्टीला मिळालेला पैसा वर्षअखेरीस तसाच पडून राहतो. आपल्याकडे सुटकेची तयारी कारागृहात येण्याच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी: नशेची नोंद, इच्छा असेल तर ओएसटी केंद्राशी जोडणी, घरच्यांचा किंवा मित्राचा फोन नंबर, आधार कार्ड कुठे आहे याची चौकशी. सुटकेच्या संध्याकाळी मग एकच गोष्ट लागते. दाराशी किंवा निदान फोनवर ओळखीचा माणूस. हा माणूस स्वतः त्या वाटेने जाऊन आलेला असेल तर उत्तम. नशा करणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या प्रकल्पांत त्याला पीअर म्हणतात. त्याचा पगार, त्याचा आणि सुटलेल्या माणसाचा प्रवासखर्च, फोन, पहिल्या रात्रीचा निवारा, दोन वेळचे जेवण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रापर्यंतची सोबत, एवढ्याने साकव उभा राहतो. औषधाचा खर्च यात नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या.

तो नसण्याचे कारण असे की औषध बहुतांशी सरकारी पैशातून येते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने 15,471.94 कोटी रुपये मंजूर केले. सुईने नशा करणाऱ्यांसाठीचे लक्ष्यगट प्रकल्प, स्वच्छ सुया-सिरिंज आणि ओएसटी ही सारी या कार्यक्रमाची अंगे आहेत, आणि 2023 मध्ये कारागृहांत एचआयव्ही, क्षयरोग, गुप्तरोग व काविळीच्या एकत्रित तपासणीची मोहीमही त्यातूनच राबवली गेली. हेपॅटायटिस सी चे उपचार 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. तेव्हा महाराष्ट्रातल्या संस्थेने पहिले पत्र महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेला आणि मुंबईत काम असेल तर मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेला लिहावे. पत्रात पैसा मागण्याची घाई नको. आधी लेखी जोडणी मागावी: या कारागृहातून सुटणारा माणूस या केंद्रावर दुसऱ्या दिवशी नोंदवला जाईल, आत उपचार चालू असेल तर त्याच मात्रेवर पुढे चालेल. असे पत्र हाती असले की पुढच्या प्रत्येक देणगीदाराला सांगता येते की तुमचा पैसा सरकार देत असलेल्या वस्तूवर खर्च होणार नाही, तो जिथे कोणाचाच नाही तिथेच जाईल. निधी देणाऱ्याला पटणारा यापेक्षा चांगला मुद्दा मला माहीत नाही.

दुसरे दार केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाचे. मादक पदार्थांची मागणी घटवण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रे, समाजात फिरून काम करणारी आणि ये-जा करता येईल अशी केंद्रे, सरकारी रुग्णालयांतले उपचार कक्ष यांना अनुदान मिळते. यातले निवासी केंद्र अनेक संस्थांना आधी दिसते, कारण त्याला इमारत असते, खाटा मोजता येतात. सुटकेच्या कामासाठी मात्र फिरत्या कामाचा आणि ये-जा केंद्राचा घटक अधिक उपयोगी, कारण नुकताच चार भिंतींतून बाहेर आलेला माणूस लगेच दुसऱ्या चार भिंतींत जायला क्वचितच राजी होतो. जिल्हा पातळीवर जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांची तरतूद असते. तिथे संस्थेने एकटीने अर्ज करून भागत नाही, एखादा शासकीय विभाग अंमलबजावणीसाठी पुढे यावा लागतो. जिल्हा शल्यचिकित्सक, परिवीक्षा अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव या तिघांशी आधी बोलून ठेवावे. विधी सेवा प्राधिकरणांसाठी अमली पदार्थांच्या बळींना साहाय्य करण्याची राष्ट्रीय योजना 2015 पासून आहे, आणि त्यांचे वकील कारागृहात नियमित जातात, त्यामुळे कोणाचा जामीन होऊ घातला आहे याचा सुगावा त्यांना सर्वांत आधी लागतो. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी व दंडासाठी 2023 मध्ये केंद्राने आणलेल्या योजनेवर मात्र या कामासाठी विसंबू नये. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनी अमली पदार्थ कायद्याखालच्या आरोपींना वगळले होते. ज्यांना ओएसटीची सर्वाधिक गरज, त्यांपैकी बरेचजण त्यामुळे आपोआप योजनेबाहेर पडतात. हे वगळणे चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि जिल्ह्याच्या बैठकीत ते बोलून दाखवायला हवे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा पैसा मिळवण्यासाठी थोडी भाषा सांभाळावी लागते, सत्य लपवावे लागत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते, आणि सातव्या अनुसूचीत प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा स्पष्ट शब्दांत आहे. सुटकेनंतरचे मृत्यू व संसर्ग टाळणे हे प्रतिबंधात्मक आरोग्याचेच काम असल्याने प्रस्ताव त्याच कलमाखाली ठेवावा. ‘कैदी कल्याण’ असे मोघम शीर्षक देऊ नये, त्याने समितीतला एखादा सदस्य दचकतो आणि फाइल मागे पडते. संस्थेची 12ए व 80जी नोंदणी, तीन वर्षांचे काम आणि सीएसआर-1 नोंदणी तयार हवी. एक वर्षाचा प्रकल्प मागू नका. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीच्या वर्षापुढे आणखी तीन वर्षांपर्यंतची आखणी करता येते आणि न खर्चलेली रक्कम त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात राखता येते. पीअर कार्यकर्ता दर मार्चमध्ये नोकरी जाईल की राहील या चिंतेत असेल तर तो दुसऱ्याला आधार काय देणार? परदेशी देणगी घेणाऱ्यांनी त्या देणग्यांच्या कायद्यातली, म्हणजे एफसीआरएतली, 2020 ची दुरुस्ती ध्यानात ठेवावी. प्रशासकीय खर्चाला आता 20 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसरीला देता येत नाही. पण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पगार जसा प्रत्यक्ष सेवेचा खर्च ठरतो आणि प्रशासकीय खर्चातून वगळला जातो, तशीच दारावरच्या कार्यकर्त्याची भूमिका ही सेवा असल्याचे अंदाजपत्रकात व नेमणूकपत्रात स्वच्छ लिहावे, लेखापालाला आधीच दाखवावे. ‘कर्मचारी’ एवढाच शब्द लिहून ठेवला की तो चुकीच्या रकान्यात जातो.

उरतो तो आपल्या माणसांचा पैसा, आणि माझ्या लेखी तो सर्वांत मोलाचा. अनिल अवचट यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी पुढे केली आणि त्यातून 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. सरकारी योजना जे सिद्ध झाले आहे त्याला पैसा देते, सिद्ध होण्याआधीच्या पावलाला खासगी देणगीच लागते. रात्री आठला सुटलेल्या माणसाच्या रिक्षाचे भाडे कुठल्याही योजनेच्या पावतीत बसत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेने छोटा, बंधनमुक्त निधी वेगळा ठेवावा आणि देणगीदारांना तो कशासाठी आहे हे न लाजता सांगावे.

पैसा देणाऱ्यांचे प्रश्न रास्त असतात, त्यांना टाळू नये. पहिला प्रश्न, याने नशेला उत्तेजन मिळणार नाही का? नॅलोक्सोन मनाला कसलीही गुंगी देत नाही, उलट अंगात असलेली नशा उतरवते. ते घेतलेल्याला टर्कीच येते. कोणी त्याच्या भरवशावर नशा सुरू करील ही कल्पना औषध न पाहिलेल्याची आहे. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: एका व्यसनाच्या जागी दुसरे औषध देऊन काय साधले? साधले ते हे की ठरावीक मात्रा, ठरावीक वेळ आणि परिचारिकेसमोर घेतलेली गोळी यांमुळे माणसाची चोरी, सुई आणि पोलिसांशी गाठ सुटते. मधुमेहीला रोज इन्शुलिन घ्यावे लागते म्हणून आपण उपचार फसला असे म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन 2005 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली ती याच कारणाने. संपूर्ण व्यसनमुक्तीचा मार्ग यामुळे बंद होत नाही. मुक्तांगणसारख्या ठिकाणी पोचायला माणूस जिवंत तर असला पाहिजे.

तिसरा प्रश्न सहसा दबक्या आवाजात येतो: प्रामाणिक गरिबांना द्यायला पैसा पुरत नाही, मग गर्दुल्ल्यांना का? याला करुणेचे उत्तर आहेच, पण हिशेबाचेही आहे. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 9.03 टक्के आणि कारागृहातील बंद्यांमध्ये 1.93 टक्के आढळले. देशातील प्रौढांमध्ये ते त्या वर्षी 0.21 टक्के होते. सुटलेला माणूस घरी जातो, त्याला बायको असते, मुले असतात. त्याचा संसर्ग आणि त्याचा मृत्यू दोन्हींची किंमत तेच प्रामाणिक गरीब कुटुंब मोजते. शिवाय आकडे परदेशातले आहेत, आपल्याला लागू कसे, असेही विचारले जाईल. आपल्या कारागृह सांख्यिकीत आतले मृत्यू मोजले जातात, सुटल्यानंतरचे नाहीत. पण सहनशक्ती उतरणे हा शरीराचा धर्म आहे, त्याला देश नसतो. एम्सच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख सांगितली, आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाचा मोठा भार असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले. एवढे पुरेसे आहे.

कायद्याची भीतीही असते, विशेषतः सुया-सिरिंज वाटण्याबद्दल. एचआयव्ही व एड्स कायदा 2017 चे कलम 22 स्पष्ट म्हणते की एचआयव्हीचा धोका कमी करण्याचे असे उपाय इतर कोणत्याही कायद्याने रोखता येणार नाहीत आणि तो गुन्हा ठरणार नाही. या कलमाची मराठी प्रत प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात आणि स्थानिक पोलीस ठाण्यात असू द्या. नॅलोक्सोनचे मात्र नीट समजून घ्या: भारतात ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, त्यामुळे संस्थेशी जोडलेला डॉक्टर आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांचा खर्च प्रस्तावात धरलाच पाहिजे. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर 108 ला फोन, कृत्रिम श्वास आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोबत, हे शिकवायला मात्र कोणाची चिठ्ठी लागत नाही. घरच्यांना आणि मित्रांनाही हे शिकवा.

शेवटी, मोबदल्यात काय दाखवायचे ते आधी ठरवा. ‘इतके जण व्यसनमुक्त झाले’ हे वचन देऊ नका. दिले की संस्था सोपी माणसे निवडू लागते आणि ज्यांचा जीव सर्वाधिक धोक्यात आहे ते गळतात. त्याऐवजी सांगा: सुटल्यापासून तीन दिवसांत किती जण ओएसटी केंद्रावर पोचले, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण जिवंत आणि संपर्कात होते, नॅलोक्सोन किती वेळा वापरले गेले. नावे, फोटो, ‘आधी आणि नंतर’च्या कहाण्या देणगीदाराने मागितल्या तर नम्रपणे नकार द्या. एचआयव्हीविषयक माहितीच्या गुप्ततेचे बंधन कायद्याचे आहे, सांकेतिक क्रमांकाने हिशेब पुरा होतो. पुढच्या आर्थिक वर्षाचे प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा अंदाजपत्रकाची पहिली ओळ संध्याकाळी कारागृहाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराची असू द्या, आणि ती कापली जाणार असेल तर इमारत, खाटा, फलक यांतले काही आधी कापा.